पोट्टा पिऊन घरी आला तर: विदर्भातल्या गावखेड्यातल्या आईबापांसाठी

"जा रे, एक पव्वा घेऊन ये. अन् एक खर्रा."

आपल्याकडच्या कितीतरी पोरांची दारूशी पहिली ओळख या हुकमाने होते. विकणारा ओळखीचा, पोरगाही ओळखीचा, त्यामुळे वय विचारायचा प्रश्नच येत नाही. चारेक वर्षांनी तोच पोरगा पोळ्याच्या करीला नाल्याकाठी लोळताना सापडला, की घरचे म्हणतात, "संगतीनं बिघडला." संगतीचा वाटा असतोच. पण पहिली वाट बहुतेकदा घरातून, लग्नाच्या मांडवातून आणि मोठ्यांच्या बैठकीतून निघते, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून खालच्या सगळ्या सूचना मोठ्यांसाठी आहेत.

पोरगा आत्ता बेशुद्ध असेल तर इथूनच वाचा

हाक मारा, खांदा हलवा, दंडाला चिमटा काढा. डोळे उघडत नसतील, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ-नखं निळसर झाली असतील, अंग गार लागत असेल, झटके येत असतील, तर यातलं एकही लक्षण पुरेसं आहे. लगेच १०८ ला फोन लावा. गाडी दुरून येणार असेल तर गावातली मिळेल ती चारचाकी काढा. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. मान पुढे पडते आणि श्वास अडकतो.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा आणि तोंड किंचित खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे उलटी झालीच तर बाहेर येईल. उताणं झोपवलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते, आणि दारूने जीव जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. अंगावर पांघरूण घाला. एक माणूस सतत जवळ बसू द्या.

"झोपू द्या, सकाळपर्यंत उतरते" हे वाक्य त्या रात्री घरात कुणालाही म्हणू देऊ नका. शेवटचा घोट पोटातून रक्तात पोचायला वेळ लागतो. पोरगा आडवा झाल्यावरही पुढचा काही वेळ त्याच्या रक्तातली दारू वाढतच असते.

चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी, ताक, लिंबू, कडक चहा यातल्या कशानेही दारू उतरत नाही. यकृत आपल्या गतीने ती काढतं, तेवढाच तिचा उतार. अर्धवट शुद्धीत काही पाजलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते. घशात बोट घालून उलटी काढू नका आणि अंगावर बादल्या ओतू नका, दारूने अंग आधीच थंड पडलेलं असतं. पोरगा पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर घोटघोट पाणी आणि थोडं गोड द्या. उपाशीपोटी प्यायलेल्या मुलांच्या रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते.

हातभट्टीचा संशय असेल तर दुसरा दिवसही जपा. तिच्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेलं असेल तर खरा त्रास बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो. पोटात दुखतं, धाप लागते, डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं दिसतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. "डोळ्याले अंधुक दिसते" असं पोरगा म्हणाला, की प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळ न दवडता थेट जिल्हा रुग्णालय गाठा आणि उरलेली बाटली सोबत न्या. डॉक्टरांना खरं सांगा: काय प्यायला, किती, केव्हा. दवाखान्यात नोंद होईल, गावात कळेल, या लाजेपायी तासभर जाऊ देऊ नका.

"बीअरच तर होती"

या वाक्याचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहा. स्ट्राँग बीअरमध्ये अल्कोहोलचं प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत असतं. म्हणजे ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या विदेशी दारूच्या ९० मिलीच्या नीपमध्ये सुमारे ३० ग्रॅम. बीअरची बाटली नीपेपेक्षा जड भरते.

आता ही बाटली ४५ किलोच्या पंधरा वर्षांच्या पोराने अर्ध्या तासात संपवली असं धरा. ढोबळ हिशोबाने त्याच्या रक्तात १०० मिलीमागे १२० ते १३० मिलीग्रॅम अल्कोहोल येतं. मोठ्या माणसाने गाडी चालवण्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा ३० मिलीग्रॅम आहे. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल काढतं, म्हणजे ती एक बाटली उतरायला चार ते सहा तास. त्याच वेळात हा गडी रपट्यावरून गाडी घालतो, कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर बसतो किंवा रात्रीच्या लाईनीवर मोटर सुरू करायला ओल्या हातांनी पेटीपाशी जातो. गावात कोवळ्या वयातली दारू यकृत सडेपर्यंत थांबत नाही, त्याच्या कितीतरी आधी ती अशा ठिकाणी गाठते.

दूरचं नुकसानही खरंच आहे. मेंदूचा विचार करून थांबवणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो आणि दारू नेमकी त्या घडणीत ढवळाढवळ करते. पाठांतर, लक्ष, झोप, तिन्हींवर परिणाम दिसतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळलं होतं. "आज ना उद्या पिणारच आहे, घरीच शिकू द्या" म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. उशीर झाला तर तो उशीरही फायद्याचाच.

पहिली पायरी: घरातली वाट बंद करणं

पोराला दारू आणायला पाठवणं आजपासून बंद. पेला भरायला लावणं, चखना वाढायला बसवणं, रिकाम्या बाटल्या विकून "पैसे तूच ठेव" म्हणणं, तेही बंद. जवाई आले, पाहुणे आले, तरी बंद. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकडून दारू विकून घेणं, वाहून नेणं यासाठी कलम ७८ आहे आणि शिक्षा तेवढीच. काका, मामा, मित्राचा मोठा भाऊ, कुणीही यातून सुटत नाही.

घरात पिणारा बाप असेल तर? इथे बरेच लेख गुळमुळीत होतात. बापाने सोडली तर उत्तमच. पण तो सोडेपर्यंत पोराशी बोलायचंच नाही, असं ठरवलं तर निम्म्या गावात कुणी बोलणारच नाही. पिणाऱ्या बापाने सकाळी, शुद्धीत असताना, एवढं म्हटलं तरी पुष्कळ: "मी पेतो. मले सुटत नाई. पैसा गेला, तब्येत गेली, तुह्या मायले तरास झाला. तुले हे लागू नये म्हनून सांगतो." पोरगा ऐकतो. जे त्याला रोज दिसतंय ते बाप कबूल करतोय, म्हणून ऐकतो. शिवाय दोन नियम पाळा. पोरांसमोर बैठक बसवायची नाही आणि उरलेली बाटली घरात ठेवायची नाही.

मोहफुलाच्या दारूची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य करूनच बोलावं लागतं. गडचिरोली, मेळघाट, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात मोहफूल वेचणं हे उन्हाळ्याच्या तोंडाचं उत्पन्न आहे आणि आदिवासी घरांतल्या देवकार्यात, जन्म-मरणाच्या विधीत मोहाच्या दारूला मान आहे. बाहेरच्याने येऊन त्या विधीला नावं ठेवली की सगळं गाव पाठ फिरवतं, आणि ते रास्तच आहे. घरातल्या जाणत्यांनी मात्र एक रेघ ओढावी. देवाच्या नावाने धार सोडायची ती सोडा, पोराच्या ओठाला लावू नका. सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवत ठेवलेली मोहफुलं, जिथे ठेवला असेल तिथे पोरांना राखणीला बसवू नका.

आता औषधाच्या डब्याबद्दल. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशक असतंच, फवारणीच्या दिवसांत तर दाराआडच. दारू आणि ऐन क्षणाचा राग एकत्र आले की पोरगा एरवी करणार नाही ते करून बसतो: नापास झाला, बाप सगळ्यांसमोर बोलला, पोरीने नाही म्हटलं. औषध कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे असू द्या. ज्या दिवशी पोराला बोलणार असाल त्या दिवशी तर कुलूप दोनदा तपासा.

दुसरी पायरी: बोलणं, पण समोर बसवून नाही

सहावी-सातवीत सुरू करा. दहावीत सांगायला घेतलं तर उशीर होतो. "इकडे बस, मले तुह्याशी बोलायचं आहे" म्हटलं की पोरगा भिंतीसारखा होतो. बाजाराला जाताना, सोयाबीनची रास भरताना, हात कामात असताना बोला. एकदाच लांबलचक बोलण्यापेक्षा वर्षभरात दहादा दोन-दोन वाक्यं बरी.

कॅन्सरची भीती पंधराव्या वर्षी कुणाला वाटत नाही. त्याला आज काय हवंय ते धरा. आपल्याकडे पहाटे पाचला रस्त्यावर पोरं पळताना दिसतात ती पोलीस भरतीसाठी. १६०० मीटरची वेळ सेकंदांनी हुकते. रात्रीच्या दारूने झोप मोडते आणि अंगातलं पाणी कमी होतं, दुसऱ्या दिवशी पाय जड पडतात. दारूच्या भांडणात गुन्हा दाखल झाला तर पडताळणीत नाव येतं. ही भाषा त्याला कळते.

नाही म्हणायला शब्द लागतात, ते आधी देऊन ठेवा. मोठ्या माणसाला "मी पीत नाही" म्हणणं पोराला उर्मट वाटतं. "नाही काकाजी, उद्या ग्राउंड आहे." "गोळ्या चालू आहेत." "बाबा तोंडाचा वास घेतात." शेवटचं वाक्य पोरांच्या जास्त उपयोगी पडतं, कारण दोष बापावर जातो आणि पोराची इज्जत राहते. तेवढा दोष घ्या.

मुलींशीही बोला. "आमच्या पोरी तशा नाहीत" म्हणून घरं गप्प राहतात. थंड पेयात मिसळून पाजणं गावातही घडतं आणि त्यानंतर जे होऊ शकतं ते सांगायची मुलीला लाज वाटते. "तुझ्यासोबत काहीही झालं तरी चूक तुझी नाही, आधी मला सांग," हे आईने स्पष्ट शब्दांत, काही घडण्याआधी सांगितलेलं हवं. अठराच्या आतल्या मुलीवर किंवा मुलावर अत्याचार झाला असेल तर १०९८ किंवा ११२. आंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखान्यात न्या.

तिसरी पायरी: धोक्याचे दिवस भिंतीवर लिहिणं

गावात पोरं बहुधा ठरलेल्या दिवशी पितात. पोळ्याची कर. धुलिवंदन. हळदीची रात्र आणि डीजेची वरात. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावजत्रा, आणि रात्रीची नाटकं, जिथे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरतो तिथे तो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे शेवटचे दोन दिवस, कारण तेव्हा फुकट मिळते. शाळेचा निरोप समारंभ, ३१ डिसेंबर. आणि कापूस विकून हातात पैसा येतो तो आठवडा.

यात एक घरचं कारणही धरा, जागल. रानडुकरं येतात म्हणून पोराला रात्री मचाणावर पाठवावं लागतं किंवा ओलितासाठी शेतात राहावं लागतं. चार शेतांची चार पोरं एका मचाणावर जमली की पुढचं ओघाने येतं. जमेल तिथे मोठा माणूस सोबत द्या. अधूनमधून न सांगता चक्कर मारा, भजी घेऊन जा. पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही आणि कळायचं ते कळतं.

त्या दिवसांत मोटारसायकलची किल्ली घरात ठेवा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

मग पोराशी करार करा. "कुठंई फसला, पेला असशील, नाईतर गाडी चालवनारा पेला असन, मले फोन कर. म्या न्याले येतो. त्या राती एक शब्द इचारनार नाई." आणि तो खरोखर पाळा. गाडीत बसल्या-बसल्या थोबाडीत दिली तर पुढच्या वेळी फोन येणार नाही, पोरगा अंधारात स्वतः गाडी काढेल. हिशोब दुसऱ्या दिवशी करता येतो.

चौथी पायरी: कळलं, आता काय

वास लपवायला पोरं खर्रा, बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या वापरतात. मागच्या दाराने येणं, थेट गच्चीवर झोपायला जाणं, कोठ्यातलं पोतं उगाच हलकं होणं, मोबाइल विकला जाणं, सकाळचं ग्राउंड सुटणं, जुने मित्र तुटून वयाने मोठी पोरं दारात येणं. एखाद्या खुणेवरून निकाल देऊ नका. तीनचार एकत्र दिसल्या तर विचारा.

रात्री फक्त जीव सांभाळा, बोलू नका. सकाळी पोट भरल्यावर, आजी-आबाजी आणि भावंडांना बाजूला ठेवून, एकट्याशी बोला. "कोणासोबत होता?" हा पहिला प्रश्न असतो आणि तोच चुकतो, कारण पोरगा मित्राला वाचवायला खोटं बोलतो आणि मग सगळं बोलणं खोट्यावरच चालतं. आधी विचारा, "काय झालतं काल?" मग थांबा. मग "किती वेळा झालं असं?" आणि "प्यायल्यावर बरं काय वाटते तुले?" या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात खरं कारण सापडतं. कुणी टोळीत राहायला पितो, कुणाला झोप येत नाही, कुणाच्या घरात रोज भांडण असतं. टोळीत राहायला पिणाऱ्याला कबड्डीचा संघ सापडला तरी भागतं. झोपेसाठी पिणाऱ्याला दवाखाना लागतो.

शिक्षा द्या, पण मोजकी आणि संपणारी: महिनाभर गाडी नाही, रात्री आठनंतर बाहेर नाही. पट्ट्याने मारणं, चौकात उभं करून लाज काढणं, शाळा सोडवून कामाला लावणं यातून पोरगा पिणाऱ्यांच्याच जास्त जवळ जातो.

पाचवी पायरी: सवय लागली असेल तर

आठवड्यातून दोनतीनदा पिणं, एकट्याने पिणं, प्यायलेल्या रात्रीचं काहीच न आठवणं, पैशासाठी चोरी, सकाळी हात थरथरणं. इथे घरगुती उपाय संपले. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोनतीन दिवसांत झटके आणि भ्रम होऊ शकतो, म्हणून खोलीत कोंडून "सोडवणं" करू नका. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिथे न्या. नागपूर जवळ असेल तर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला घाबरू नका, बाह्यरुग्ण विभागात दाखवून लोक संध्याकाळी घरी येतात. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, त्याची चौकशी आशाताईंकडे करा. फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६, व्यसनासाठी १४४४६.

एस.टी. स्टँडच्या भिंतीवर "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती असतात. त्या पुड्या भाजीत कालवून देऊ नका. अशा काही औषधांवर दारू प्यायली की रक्तदाब एकदम खाली जातो, छाती धडधडते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायची ती गोष्ट आहे.

उपचारानंतर पोरगा पुन्हा एकदा पिईल, ही शक्यता धरूनच चाला. त्या दिवशी "गेला हातातून" म्हणू नका, पुढची तारीख चुकवू नका.

गावाचं काम

घर कितीही सावध राहिलं तरी शाळेच्या वाटेवर दारू मिळत असेल तर झगडा अवघड होतो. महाराष्ट्रात बीअर-वाइनसाठी किमान वय २१ आणि बाकी दारूसाठी २५ आहे. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असलेल्या जिल्ह्यात पोरांना मिळत नाही असं समजू नका. तिथे ती चोरून येते, आत काय आहे ते कळत नाही आणि पोचवायला पोरंच वापरली जातात. तरीही गावाने मनावर घेतलं तर फरक पडतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या 'मुक्तिपथ'मध्ये गावच्या बायांनी संघटना बांधून विक्री बंद पाडली आहे.

परवानाधारक दुकान असेल तर आडव्या बाटलीचा रस्ता आहे, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीचं मतदान, ज्यात आडवी बाटली हे बंदीच्या बाजूचं चिन्ह असतं. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. मग गुप्त मतदान होतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. ही बेरीज झालेल्या मतदानावर धरली जात नाही, एकूण यादीवर धरली जाते. कामाला बाहेरगावी गेलेल्या बायांना त्या दिवशी आणायची सोय आधीच करा, बरीच मतदानं तिथेच हरतात.

अवैध विक्री असेल तर पोलीस पाटील, ठाणे आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग, तिघांनाही लेखी कळवा. मुलांना विकतात किंवा मुलांकरवी विकतात, हे अर्जात ठळक लिहा, म्हणजे बाल न्याय कायदा लागतो. ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक लावून विषय नोंदवून घ्या. समिती कागदावरच असेल तर सरपंचांना ग्रामसभेत विचारा. अर्ज एकटीच्या नावाने देऊ नका, बचत गटाच्या नावाने द्या, दहा-बारा सह्यांनिशी, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.